ताऱ्यांची हजेरी

प्रिय भुवन,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. अकरा वर्षांनी लिहिलंस, तेही चारच ओळी! पण त्या चार ओळी मी तुझ्या आईला तीनदा वाचून दाखवल्या. यशस्विनीला आकाशाचा नाद लागलाय, ताऱ्यांची नावं आजोबांकडूनच शिकायची म्हणते, म्हणून मे महिन्यात तिला पंधरा दिवस म्हैसूरला ठेवू का, असं विचारतोस. आणि खाली एकच प्रश्न: अप्पा, तिच्यावर हात उगारणार नाही ना? सरळ विचारलंस ते बरं केलंस. नात नऊ वर्षांची झाली, मी तिला फोटोतच पाहिलंय. उत्तर देतो, पण जरा लांबण लागेल.

आपल्या घरात सगळाच फौजी थाट. खापरपणजोबा म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते, म्हणून दसऱ्याला तलवार पुजायची आणि वर्षभर पोराला सावधानमध्ये उभं करायचं. त्यांनी तलवार शत्रूवर तरी चालवली, मी घरातल्यांवरच मर्द! गच्चीवर तू ताठ उभा राहायचास. मी दुर्बिणीच्या तिपाईचा सुटा पाय हातात घेऊन एकेक तारा दाखवायचो आणि तू नाव ओरडायचास. व्हेगा म्हणजे अभिजित. आर्क्ट्युरस म्हणजे स्वाती. चुकलं की पोटरीवर एक, अडखळलास तर दोन. वळ दिसू नयेत म्हणून आई तुला शाळेत फुल पँट घालून पाठवायची. आणि मी आपल्या अख्ख्या अग्रहारात, घरोघरी सांगत फिरायचो, आमचा भुवन एक नाव चुकत नाही म्हणून.

तू चौदा वर्षांचा होतास तेव्हाचं मी आजवर तोंडातून काढलेलं नाही. माझे स्नेही सदाशिवराव घरच्यांना घेऊन दुर्बीण बघायला आले होते. मी भूतप तारकासमूह दाखवला, त्याचं इंग्रजी नाव ‘बूट्स’ म्हणून सांगितलं. तू हळूच म्हणालास, अप्पा, ते ‘बोओटीज’ आहे. सदाशिवराव हसले. ते गेल्यावर मी दाराला कडी घातली आणि तो लोखंडी पाय तुझ्या डाव्या कानावर मारला. तू पडलास, तरी लाथा घातल्या. आई मध्ये पडली तर तिचं मनगट मोडलं. दवाखान्यात ती म्हणाली, आम्ही दोघं जिन्यावरून पडलो. मनगट जुळलं, तुझा कान गेला तो गेलाच. आणि बरोबर तूच होतास रे! ती नावं मी एका जुन्या इंग्रजी पुस्तकातून एकट्यानं शिकलो होतो, कुणाच्या तोंडून ऐकलेली नव्हती. दिसलं तसं वाचलं आणि तेच वेदवाक्य धरून बसलो. वर्षभरातच एका मास्तरांनी मला चूक दाखवली. तुला सांगितलं नाही. लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो.

आता इकडची बातमी. तीन वर्षं झाली, गल्लीतली पोरं संध्याकाळी पाचला वरांड्यात शिकायला येतात. भिंतीवर नकाशा लावतो, नावं म्हणून घेतो. अप्पा निवळले, असं आईनं तुला फोनवर सांगितलं, म्हणूनच तू लिहिलंस. मलाही तसंच वाटत होतं. काल शेजारच्या श्रीवत्सची शरण्या, तीही नऊच वर्षांची, मला म्हणाली, अज्जा, तुम्ही ‘फोमलहॉट’ म्हणता, फोनमध्ये ‘फोमलो’ पण म्हणतात, दोन्ही चालतं. पोरं हसली. बस्स, एवढंच! मी तिची वेणी धरली आणि डोकं भिंतीवर आपटलं. दोनदा. तिसऱ्यांदा आपटणार, तेवढ्यात तुझ्या आईनं पितळी तांब्या माझ्या टाळक्यात घातला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा ती माझ्यावर उलटली. पोरीच्या कपाळाला पाच टाके पडले. नकाशावर रक्त उडालं. श्रीवत्सनं मला रस्त्यावर ओढून बुकललं, दोन दात पाडले, आणि तक्रार दिली. मी पोलिसांना सगळं खरं सांगितलं. जिनाबिना काही मध्ये आणला नाही.

तरी आज सकाळी तुझी आई म्हणते, भुवनला यातलं काही कळवू नका, सुम्ने बसा, गप्प राहा. पोर येऊ दे, मी तिला क्षणभर नजरेआड करणार नाही. बघ, पाच टाके बघूनही असं म्हणते, एवढी ती नातीसाठी आसुसलीय. मलाही ती हवी आहे रे! ‘नाही उगारणार’ असे दोन शब्द लिहिले असते तर तू विश्वास ठेवला असतास, आणि मे महिन्यात माझी नात माझ्या गच्चीवर उभी असती.

पण तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे, उगारीन. पहिल्या दिवशी नाही, आठव्या दिवशी, ती एखादं नाव माझ्यापेक्षा चांगलं म्हणेल तेव्हा. तिला पाठवू नकोस. यशस्विनीला मे महिन्यातही शाळेचे जादा वर्ग आहेत, तूच जाऊन भेटून ये, असं मी तुझ्या आईला सांगितलंय. शनिवारी दुपारच्या गाडीनं ती हुबळीला पोचेल, स्टेशनवर घ्यायला ये. आठ दिवसांसाठी निघालेय असं ती समजते. तिला परत पाठवू नकोस.

तुझाच, पण लांबूनच,
अप्पा