जवाचं गोड पाणी

२६ नोव्हेंबर
नाताळच्या बिअरचं ठरलं एकदाचं. संत्र्याची साल, लवंग, दालचिनी, थोडा गूळ. गौरांगला — म्हणजे आमच्या धरमपेठेतल्या बारच्या मालकाला — ‘अंगात गरमी आणणारी’ हवी आहे. तेवीस डिसेंबरला लोकांच्या ग्लासात पडली पाहिजे म्हणे. पोस्टर छापून मोकळा झाला, इथे अजून जव भरडले नाहीत!

१ डिसेंबर
दिवसभर साली सोलल्या. घरी आले तर अश्विनदादा माझी बोटं हुंगत बसला. “नंदे, लवंग कमी टाकजो.” आई ताटावरून उठून आत गेली.

तिचंही खरंच आहे. बाबा दारूनेच गेले. दादा दिवाळीच्या आधी व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आला. पुन्हा एक घोट घेतला तर लिव्हर वाचणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. आणि मी बिअर बनवते, त्यावर हुडकेश्वरचं हे घर चालतं. आई शेजारी सांगते, पोरगी फॅक्टरीत आहे.

५ डिसेंबर
आज माल उकळला. यीस्ट टाकायच्या आधी ते नुसतं जवाचं गोड पाणी असतं, लेकरानेही प्यावं असं. दादासाठी मोठा कॅन भरून आणला. आईला समजावलं — यात नशा नाही, पंचशील मोडत नाही, फक्त फ्रिजमध्ये ठेव. तिने आधी स्वतः चाखलं, मग त्याला दिलं. दादा दोन पेले प्यायला आणि हसला. किती दिवसांनी! मला रडू आलं.

६ डिसेंबर
महापरिनिर्वाण दिनाच्या अभिवादनाला जाऊन आलो, तिघंही. दादाने पांढरा सदरा घातला होता.

११ डिसेंबर
नाताळची घाई. घरी फक्त झोपायला येते. आई म्हणते, दादा आता रात्रभर झोपतो, जेवतो. बरं वाटलं.

१४ डिसेंबर
कॅन फ्रिजमध्ये नव्हता. शेगडीजवळ गोधडीत गुंडाळलेला! “थंडीच्या दिवसात थंडं काहून पाजू त्याले?” आई म्हणाली.

झाकण उघडलं तर फस्स झालं. तळाशी थोडंसं उरलेलं. बिअर झाली होती. हा कॅन आम्ही यीस्ट न्यायला वापरतो. मी घाईत नुसता विसळला, आत यीस्ट राहिलं. तिकडे टाक्या उकळत्या पाण्याने धुते, आणि घरी नेताना विसळला!

दादा घरात नाही. फोन बंद.

१५ डिसेंबर
देशीच्या दुकानामागे सापडला. रक्ताच्या उलट्या. दवाखान्यात आहोत. आईने मला अजून काही विचारलेलं नाही.

२३ डिसेंबर
दादा सकाळी गेला. संध्याकाळी गौरांगचा फोन — “नंदिनी, पब्लिक पागल झाली आहे तुझ्या बिअरवर!” त्याला अजून कळवलंच नव्हतं.

३० डिसेंबर
दादाच्या सातव्या दिवसाचं पुण्यानुमोदन झालं. भन्तेजींमागून सगळ्यांनी पंचशील म्हटलं. पाचव्या, नशा न करण्याच्या शीलाला आईचा आवाज निघाला नाही.

माणसं गेल्यावर मी तिला सगळं सांगून टाकलं. कॅन, यीस्ट, विसळणं. म्हटलं, दादाला मी मारलं. ती त्याच्या पांढऱ्या सदऱ्याची घडी करत होती.

“मले तिसऱ्याच दिवशी वासावरून समजलं होतं वं. तुह्या बापासंग जिंदगी काढली मी. पोरगं शांत झोपून राहिलं होतं, म्हणून चूप बसली.”