पेल्यात उमललेलं भूछत्र

ती. आईस नमस्कार,

आधी तुझ्या धास्तीचं उत्तर देते. रानातली अळंबी मी खात नाही, नुसती ओळखते. उगाच जीव टांगणीला लावून बसू नकोस. तू म्हणशील, कुत्र्याच्या छत्र्या गोळा करायला इतक्या लांब गेलीस का? पण इथल्या चार जणांबरोबर रानात रविवार बरा जातो. टोपी बघायची, देठ कापायचा, मग हुंगायचं. एखादीला मुळ्याचा वास येतो, एखादीला ओल्या पिठाचा, असं बाकीचे सांगतात.

परवा अंड्यासारखं एक बंद भूछत्र घरी आणलं आणि कसं उमलतं ते बघायला टेबलावर पेल्यात ठेवलं. सकाळी खोलीतली मैत्रीण नाकाला रुमाल लावून ओरडली, "अगं, इथे काहीतरी मेलंय!" ते उमललं होतं, त्याचाच तो कुजका वास. मी शेजारीच बसून चहा पीत होते. मला कसलाच वास आला नाही. चहाचासुद्धा नाही.

मग आठवून पाहिलं. बाबा गेल्याचा फोन आला, तेव्हापासून हे असंच आहे. सर्दी नाही, ताप नाही. रडूही नाही. डॉक्टर म्हणाले, येईल परत. तू मनाला लावून घेऊ नकोस, मी वेळेवर जेवते.

तुझा गुडघा कसा आहे? दादा संध्याकाळी लवकर घरी येतो ना?

आणि हो, बाबांचा तपकिरी स्वेटर अजून खुंटीवर असेल, तर धुवू नकोस. पिशवीत घट्ट बांधून ठेव. डोळे मिटून तेवढा तरी मला ओळखता यायला हवा.

तुझी,
धाकटी