कासवाच्या पिक्चरचा शेवट

आई, कासवाचा पिक्चर सापडला.

तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत सांगण्यासारखं पुष्कळ झालं. खालापूरच्या कचेरीत मी कायम झाले, कर्जतला दोन खोल्यांचं घर घेतलं, तुला नात झाली. ती आता बारा वर्षांची आहे आणि कपाळाला आठी घालून बोलते ती थेट तुझ्यासारखी. यातलं काहीही तुला लिहून कळवावं असं कधी वाटलं नाही. तुला ते माहीतच असणार असं मी धरून चालले होते. पण गेल्या रविवारी दुपारी तो पिक्चर पाहिला आणि तेव्हापासून जिवाला चुटपुट लागली आहे. म्हणून पोरीच्या वहीतली चार पानं फाडून बसले आहे. ती ओरडणार आहे, पण ते नंतर बघू.

कळंबच्या अलीकडे शेठचा बंगला होता, त्याची राखण तुझ्याकडे. शेठ मुंबईचा. शनिवारी माणसं घेऊन यायचा, रविवारी संध्याकाळी निघून जायचा. मधले दिवस बंगला तुझा. तू सकाळी जाऊन फडकं मारायचीस, गाद्या उन्हात घालायचीस, खिडक्या उघडून वारा खेळवायचीस. आणि बुधवारी माझी सकाळची शाळा सुटली की मला घेऊन दुपारी पुन्हा जायचीस, कारण बुधवारी व्हिडिओ चालवायचा असायचा. शेठनं तुला बजावलं होतं की इकडची हवा दमट, मशीन नुसतं पडून राहिलं तर आत बुरशी धरते. आठवड्यातून एकदा तरी एक कॅसेट अख्खी फिरली पाहिजे. हे काम तू इतकं मनावर घेतलंस की टीव्हीसमोर बसायच्या आधी मला पाय धुवायला लावायचीस. वाटेत कुणी विचारलं, "कुठं निगालीस गं एवढ्या उनाची?", तर "मशीन चालवाया" असं तू अशा थाटात सांगायचीस की जणू अख्खी भाताची गिरणी तुझ्या ताब्यात आहे. सोफ्यावर बसायचं नाही हा नियम शेठचा नव्हता, तुझाच. आपण दोघी फरशीवर. तुझ्या मांडीवर सूप, सुपात निवडायचे तांदूळ, आणि समोर रंगीत टीव्हीवर कासव.

शेठच्या पोरांनी टाकून दिलेल्या कॅसेटींमध्ये कार्टूनची ती एकच होती. कुणाकडून तरी उतरवून आणलेली, वर पेनानं काहीतरी खरडलेलं. भाषा कुठली ते देव जाणे. चिनी असेल, जपानी असेल, आपल्याला दोन्ही सारख्याच. तुला त्यानं काही अडलं नाही. लाल झग्यातली एक पोरगी, तिच्या गावची नदी एका राक्षसानं मडक्यात कोंडून शिंक्याला टांगून ठेवलेली, आणि ती आणायला पोरगी निघते एका डोंगराएवढ्या कासवाच्या पाठीवर बसून. चित्रं सगळी समोर दिसत होती, बोलणं तू घालत होतीस. राक्षस तुझ्या लेखी राक्षस नव्हताच. "त्यो नदीचा मुकादम हाय," असं तू पहिल्याच दिवशी जाहीर केलंस. कासवाला तू कुरकुऱ्या म्हातारा करून टाकलंस, चढण आली की त्याची कंबर दुखायची. पोरगी वाटेत एक मोठं पाणी ओलांडते, तिथं नावेत एक म्हातारी बसलेली असते. पोरगी नावेत चढली की म्हातारी तोंड उघडते, आणि तू सूप पाखडता पाखडता तिचा आवाज काढायचीस, "बाय, जेवलीस का?" मी हसून लोळायचे. मग तू मला खरंच विचारायचीस, जेवलीस का म्हणून.

आता त्या एका बुधवारचं. पिक्चर संपत आलेला. पोरगी राक्षसाच्या घरात शिरलेली, मडकं वर टांगलेलं, आणि नेमकं तेव्हाच तुला आठवलं की मागच्या बागेतला पंप चालूच राहिलाय. तू सूप खाली ठेवून पळालीस. मला वाटलं, तुझ्यावाचून शेवट बघायचा म्हणजे तुझ्यावाचून जेवायला बसण्यासारखं. म्हणून मी उठून बटण दाबलं आणि पिक्चर थांबवला. तुझी चाहूल लागली असं वाटून पुन्हा चालू करायला गेले, तर हात पडला लाल बटणावर, टीव्हीवरचं कॅसेटीत उतरवून घ्यायच्या. ज्याला कधी बोट लावायचं नाही असं तू दहादा सांगितलं होतंस, त्याच बटणावर. टीव्हीवर एक चष्मेवाला माणूस आला आणि कपाशीवर कोणतं औषध कधी फवारायचं ते सांगायला लागला. मी घाबरून तशीच उभी. काय करावं ते कळेना, तुला हाक मारायचा धीर होईना. तू पंपाची काहीतरी खटपट करून परत येईपर्यंत कॅसेट संपून आपोआप उलटी फिरायला लागली होती. "सपला वाटतं," तू म्हणालीस. मी मान डोलावली.

पुढच्या बुधवारी पोरगी राक्षसाच्या घरात शिरली, मडक्याकडे हात केला, आणि मडक्याच्या जागी कपाशीवाला आला. तू तांदूळ निवडायची थांबलीस. बराच वेळ त्या माणसाकडे बघत राहिलीस. मग म्हणालीस, "माज्याच हातनं पुसताना बटन दाबलं गेलं आसंल." मी खाली बघून सुपातले खडे वेचत होते. त्या दिवशी मी एक खडा सोडला नाही.

तू ते लपवू शकली असतीस. शेठच्या पोरांना त्या कॅसेटीची आठवणही नव्हती. पण मालकाच्या वस्तूचं नुकसान झालं की आपण होऊन सांगायचं, हा तुझा खाक्या. शनिवारी तू शेठच्या बाईसाहेबांपुढे जाऊन उभी राहिलीस. पाहुणे चहा घेत बसले होते, पोह्यांच्या डिशा आणायला मी तुझ्यामागे. बाईसाहेब पाहुण्यांकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, "अडाणी माणसाच्या हातात मशीन दिलं की असंच होणार." तू सातवी पास होतीस, आई. त्या काळात आपल्या आळीत सातवी झालेली तू एकटी, बायका तुझ्याकडून पत्रं वाचून घ्यायच्या. तुझी मान ताठ होती ती तशीच राहिली, कान मात्र लाल झाले. माझ्या हातात ट्रे होता. तोंड उघडून एक वाक्य बोलायचं होतं, ते मी बोलले नाही. बाईसाहेब पुढे म्हणाल्या, आता ही खराब कॅसेटच मशीनसाठी ठेवा, बाकीच्यांना हात लावू नका. झालं, आपला पिक्चर आपल्याकडेच राहिला. फक्त शेवट गेला.

त्यानंतरची दोन वर्षं दर बुधवारी शेवट तू करायचीस. कपाशीवाला आला की तू टीव्हीचा आवाज बंद करायचीस आणि तो बापडा हातवारे करत असताना सांगायचीस, "मग नदी आली, वलगण चढली, सगल्या गावानी मासं खाल्लं. मुकादमाला बी दिलं दोन. झाला पिच्चर!" कधी नदी आपल्या परसात यायची, कधी शाळेमागे. एकदा तर ती बाईसाहेबांच्या दिवाणखान्यातनं गेली, त्या दिवशी तू स्वतःच इतकी हसलीस की सूप सांडलं. पावसाच्या उलट्या पाण्याला मासे चढतात ती वलगण एखाद्या पिक्चरच्या शेवटी असू शकते, असं मला पुष्कळ मोठी होईपर्यंत खरं वाटत होतं.

रविवारी मी माझ्या पोरीला हे सगळं सांगत होते. म्हणजे कासवाचं, मडक्याचं, बटणाचं नाही. तिनं मोबाईलवर मुलगी, कासव, मडक्यातली नदी असं काहीबाही टाकलं आणि पाच मिनिटांत पिक्चर काढून पुढ्यात ठेवला. कुणीतरी धुऊनपुसून लखलखीत केलेला, खाली इंग्रजी अक्षरं. मोठ्या टीव्हीवर लावला. मी सवयीनं खाली फरशीवर बसले, तर म्हणते, "आई, सोफा कशासाठी घेतलाय?" रंग इतके चकचकीत की क्षणभर मला ओळख पटेना. आपला झगा विटकरी होता गं, हा लालभडक. मी उत्साहानं तुझे संवाद म्हणायला लागले, आणि माझी पोरगी खालची अक्षरं वाचून मला दुरुस्त करायला लागली. कासव म्हातारं नाही, ते तर लहान बाळ आहे. आणि राक्षस वाईट नाही. "अगं तो त्या नदीचा बाबा आहे. ती समुद्राकडे निघून जाईल म्हणून त्यानं तिला लपवलंय." मुकादमाचा एकदम बाप झाला. मला जरा रागच आला तुझ्या वतीनं, मग हसू आलं.

मग नाव आली. म्हातारीनं तोंड उघडलं आणि मी न ठरवता तिचा आवाज काढला, "बाय, मला काय सांगायचं ऱ्हायलंय का तुजं?"

माझी पोरगी म्हणाली, "ती काही विचारतच नाहीये. ती नुसती गाणं म्हणतेय." मी म्हटलं, नीट बघ. तिनं मागे नेऊन पुन्हा लावलं. म्हातारी वल्हं मारते, नदीचं गाणं म्हणते, आणि नावेतल्या पोरीकडे बघतसुद्धा नाही. पुन्हा पुन्हा लावून बघितलं तरी तेच.

मी उठून स्वयंपाकघरात गेले, चहाच्या निमित्तानं. आणि ओट्याशी उभ्या उभ्या मला आठवलं की आधी ती म्हातारी जेवलीस का म्हणूनच विचारायची. हे दुसरं विचारायला लागली ती कॅसेट बिघडल्यानंतर. तू सूप थांबवायचीस, टीव्हीकडे बघतच म्हणायचीस, "बाय, मला काय सांगायचं ऱ्हायलंय का तुजं?" नाव पलीकडे लागेपर्यंत तू दुसरं काही बोलायची नाहीस. मी नावेतल्या पोरीच्या वतीनं उत्तर द्यायचे, "नाय." तू म्हणायचीस, "बरं." खाई त्याला खवखवे म्हणतात, मला दोन वर्षं दर बुधवारी खवखवत होतं आणि मला वाटायचं की तो पिक्चरमधलाच प्रश्न आहे, योगायोगानं मला बोचतोय. फडकं तू सकाळी मारायचीस, आई. मशीन दुपारी लागायचं. सकाळी मशीन बंद, मोठा स्विचसुद्धा तू बंद करून ठेवायचीस. तुझ्या हातून ते बटण दाबलं जाणं शक्यच नव्हतं, आणि हे तुला त्या कपाशीवाल्याकडे बघता बघताच कळलं होतं. तरी तू बाईसाहेबांपुढे उभी राहिलीस.

माझ्या पाठवणीला तू ओटी भरताना कानाशी येऊन त्या म्हातारीच्याच आवाजात पुन्हा विचारलं होतंस. मी रडता रडता हसले आणि म्हणाले, "नाय गं." तू माझ्या गालावरून हात फिरवलास आणि म्हणालीस, "बरं." मला ती तुझी थट्टा वाटली होती. पुढच्या दोन वर्षांत तू गेलीस.

चहा घेऊन बाहेर आले तर पोरीनं पिक्चर माझ्यासाठी थांबवून ठेवला होता. बरोबर मडक्यापाशी. "पुढे काय होतं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, पुढे कपाशीवाला येतो. तिला वाटलं मी चेष्टा करतेय. मग आम्ही शेवट बघितला. लाल झग्यातली पोरगी मडकं चोरत नाही, फोडतही नाही. ती राक्षसाशेजारी जाऊन नुसती बसते. दिवस जातात, ऋतू बदलतात, ती काही मागत नाही. शेवटी तोच उठतो, आपल्या हातानं मडकं उतरवतो आणि नदीला सोडून देतो. ती गावावरून वाहत जाते. अगदी शेवटच्या चित्रात एक मासा पाण्याच्या उलट उडी मारतो. एकच. पण मी तेवढ्यावर टाळी वाजवली आणि पोरीला सांगितलं, बघ, वलगण चढली. मग तिला वलगण समजावून सांगितली, मग बंगला, मग सूप, मग तुझं मशीन चालवायचं. बटणाचंही सांगितलं. ती आठी घालून म्हणाली, "मग आजीला का नाही सांगितलंस?" म्हणून हे लिहायला घेतलं.

त्या बंगल्याचं आता रिसॉर्ट झालंय. मागच्या बागेत, पंप होता तिथे, पोहायचा तलाव आहे. हे पत्र टाकायला तिथे पेटी नाही आणि तू काही तिथे राखणीला नाहीस. पानं दुमडून पिठाच्या डब्याखाली ठेवीन, तू महत्त्वाचे कागद ठेवायचीस तसे.

तेवढं नाव पलीकडे लागायच्या आत सांगते. होय, राहिलं होतं. लाल बटण मी दाबलं होतं, आई. तू येईपर्यंत पिक्चर थांबवून ठेवायला गेले, त्या गडबडीत.

आणि हो, जेवले.