गणपतच्या हातातली दोरी

लालबाग, मंगळवार, रात्र

अँटेना सरळ झाला. बरं वाटायला हवं, पण वाटत नाही.

सकाळी शेजारच्या गणपतची बायको, सुलभावहिनी, आली. म्हणाली, "भाऊजी, ह्यांना कशात तरी गुंतवा. संप फसला, गिरणीच्या फाटकावरून परत पाठवलं, तेव्हापासून रोज गच्चीच्या कठड्याशी जाऊन उभे राहतात. मला भीती वाटते."

मला दुसरं काय सुचणार? माझ्या हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी बिनतारी संचाच्या, गच्चीवरच्या अँटेनाच्या लांबलचक नळ्या टोकाला झुकल्या होत्या, तेच काम काढलं. मासेमारीची नायलॉनची दोरी नळीच्या टोकाला बांधली, अँटेनाच्या खांबाच्या शेंड्यावरून घेतली आणि दुसरं टोक गणपतच्या हातात दिलं. कठड्याकडे पाठ येईल असा त्याला उभा केला. मुद्दामच.

दोन-तीनदा ओढल्यावर नळी सरळ झाली. तरी मी लांबून बघत म्हटलं, "अजून थोडी ओढ." मग, "जरा सैल सोड." मग पुन्हा ओढ. ऊन उतरेपर्यंत हेच. दोरी काही त्याच्या हातातून सुटू दिली नाही.

शेवटी तोच म्हणाला, "कधीचीच सरळ झाली रे. बांध आता."

म्हणजे त्याला कळलं होतं? मग इतका वेळ दोरी धरून का उभा होता? माझ्यासाठी?

मी गाठ मारली. त्याने हात पुसले आणि कठड्याशी जाऊन उभा राहिला. वहिनीने जेवायला हाक मारेपर्यंत मीही तिथेच, त्याच्या बाजूला.

उद्या तो उठायच्या आत वर जाऊन गाठ सोडायची आहे. नळी पुन्हा झुकायला हवी.