मोरीची सवय

सोम. ३ नोव्हें. सकाळी ६.४०
स्वराला मोरीत बसवलंय. मी उंबऱ्यावर. एका हाताने तिचा फ्रॉक वर धरलाय, दुसऱ्याने हे लिहितोय. दिवाळीच्या सुट्टीनंतर आज तिची नर्सरी सुरू. सुट्टीचे पंधरा दिवस घरी चड्डी एकदाही ओली नाही, म्हणून आजपासून तिथेही डायपर बंद. वय २ वर्षं १० म.

संध्या. ७
नर्सरीच्या वहीत टीचरनी लिहिलंय, "दोनदा कपडे ओले. घरी सवय लावा." पिशवीत दोन ओले फ्रॉक. चड्ड्या कोरड्या. सगळंच धुवायला टाकलं.

मंगळ. ४ नोव्हें.
पुन्हा दोनदा. १०.२० आणि १२.०५. वेळा मी मागून घेतल्या. टीचर म्हणाल्या, "स्वराचे पप्पा, वेळा घेऊन काय करणार? बाकीचे पालक बोलायला लागलेत. पुढच्या शुक्रवारपर्यंत बघते. मग जागा दुसऱ्या मुलाला द्यावी लागेल." मी हो म्हटलं.
नर्सरी आणि पाळणाघर एकत्र, ९ ते ६.३०. मी कामाला आहे त्या गोदामापासून चालत जाता येईल अशी ही एकच. ती गेली तर नोकरी सोडा, नाहीतर स्वरा मुलुंडला, अश्विनीच्या ताईकडे. अश्विनी स्वराला माझ्याकडे ठेवून मस्कतला गेली तेव्हाच तसं ठरलं होतं. तिथे एका म्हातारीला सांभाळते, दोन वर्षांचं काम, सात महिने झाले. जाताना म्हणाली होती, "तुला जमेल तोवर तुझ्याकडे. नाही जमलं तर ताई आहे."
हे लिहिताना काहीतरी वाटायला हवं. चहा गार झाला, एवढंच.

बुध. ५ नोव्हें.
सुट्टी. गोदामही बंद. मालाच्या रजिस्टरसारखा तक्ता आखला. वेळ, पाणी किती, शू, शी, ओलं/कोरडं. आज पाच वेळा, पाचही वेळा स्वतः सांगितलं. पूर्ण कोरडं. घरी शून्य, तिथे दोन. गोदामात असं झालं असतं तर मी साहेबांना सांगितलं असतं, मोजणारा बदला.
अश्विनीचा व्हिडिओ कॉल. स्वराने फोनकडे पाहिलं नाही, फोनच्या मागे पाहिलं.
"पाणी कमी दे ना तिला."
"देतो."
"ओरडू नको रे."
"नाही ओरडत."
"मग करतोस तरी काय?"
तेवढ्यात म्हातारीने हाक मारली. फोन चालूच ठेवून ती गेली. आम्ही दोघं तिथलं छत बघत बसलो.

गुरु. ६ नोव्हें.
बाटली अर्धीच भरून दिली. नर्सरीत एकदाच. पण ओठ सुकलेले. घरी आल्यावर दोन पेले पाणी उभ्यानेच प्यायली. उद्यापासून पूर्ण बाटली. ही चूक माझी.

शुक्र. ७ नोव्हें.
अर्धी रजा टाकून गेलो. टीचर वर्गात होत्या. मुलांचं हवंनको बघणाऱ्या मावशी भेटल्या, मालवणकडच्या.
"तुमचां चेडू शाणां आसा. चड्डी भिजवणा नाय. काढून बाजूक ठेवता आणि मग बसता."
कुठे बसते, मी विचारलं. त्यांनी नेऊन दाखवलं. मुलं हात धुतात ती जागा. खाली नळ, बाजूने वीतभर कट्टा, कोपऱ्यात जाळी. आमची मोरीच. तिथे फ्रॉक वर धरायला कोणी नाही, तो ओल्या फरशीला लागतो.
शेजारी टॉयलेट आहे, गुलाबी छोटा कमोड. तसला तिने कधी वापरलेलाच नाही. आमच्या चाळीचे संडास बाहेर, सगळ्यांचे मिळून. लहान मुलं मोरीतच. मीही तिथेच शिकलो. मोरी म्हणजे शूची जागा, हे मीच तिला सात महिने शिकवलंय.
"टीचरना सांगितलंत?"
"सांगलंय मा. त्या म्हणतत, घाण ती घाण."
तक्त्यात 'कुठे' हा रकानाच नव्हता.

शनि. ८ नोव्हें.
सरावाला कमोड हवा. गोदामात नाही, चाळीत नाही. ओळखीत कमोडवालं घर एकच. ताईंना फोन केला. "अरे ये ना, विचारतोस काय."

रवि. ९ नोव्हें.
मुलुंड. कमोडवर ठेवायची लहान मुलांची सीट ताईंकडे आधीच होती, नवी. पुढे प्लास्टिकचं स्टूल. कधी आणलं?
"असंच रे. दिवाळीच्या आधी."
त्यांच्या घरात मूल नाही.
स्वरा बसायला तयार नाही. पाय लोंबतात म्हणून घाबरते. उतरून बाथरूमच्या जाळीकडे जाते. चार वेळा तसंच.
ताई म्हणाल्या, "एका दिवसात होतं का? आठवडाभर ठेव. तुझी ती जागा तरी वाचेल."
बरोबर होतं. कपड्यांची पिशवी ठेवली. निघताना स्वराने टाटा केला, दुसऱ्या हातात बिस्कीट.

सोम. १० नोव्हें.
तक्त्यात लिहायला काही नाही. सवयीने ६.४० ला उंबऱ्यावर जाऊन बसलो. मग उठलो.

मंगळ. ११ नोव्हें.
जेवणाच्या सुट्टीत ताईंचा फोन. "बसली रे. आपणहून. मी नुसती बाजूला उभी होते." छान, म्हटलं. टीचरना कळवलं, शुक्रवारी आणतो.
संध्या. अश्विनी. "शिकली ना? मग राहू दे तिथेच. कशाला परत ओढतोस?"
"नर्सरीसाठीच तर शिकवलं."
"ते मला माहितीये रे."
फोन ठेवला. कॉल १ मि. ४० से.

गुरु. १३ नोव्हें. संध्या. ६.५०
मुलुंड, ताईंच्या सोफ्यावर. न्यायला आलोय. पिशवी भरलेली नाही, कपडे दोरीवर. ताई म्हणाल्या, "ओले आहेत अजून. शनिवारी ने." मी म्हटलं, उद्या शुक्रवार. त्यांनी चहा ठेवला.
स्वरा येऊन माझ्या गुडघ्याला टेकून उभी राहिली. मग म्हणाली, "शू." माझं बोट धरून बाथरूमपर्यंत नेलं आणि "पप्पा बाहेर" म्हणून दार लोटलं. आत स्टूल सरकवल्याचा आवाज. मग बराच वेळ काही नाही. ताई गॅस बारीक करून दाराशी येऊन उभ्या राहिल्या.
आतून हाक आली, "झालंऽ."
ताई आणि मी एकदम निघालो. एकदम थांबलो. तिने कुणाचंच नाव घेतलं नव्हतं.
"जा, तू जा," ताई म्हणाल्या.
गेलो. धुऊन आणलं. चहा झाला. कपडे अजून दोरीवर आहेत, मीही काढलेले नाहीत.