व्हॅनचा भाव आणि मी कोणाच्या बाजूचा

तीर्थस्वरूप मामांना भाच्याचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, मामींचा खोकला उतरला का, आणि डॉक्टरांनी बंद केलेला चहा तुम्ही खरोखरच बंद केलात का (मामी काहीही सांगोत, मला तुमच्याच हातचं उत्तर हवं आहे), हे सगळं सविस्तर कळवावं. इकडे आम्ही ठीक आहोत. आम्ही म्हणजे दोन माणसं आणि बुडं नसलेल्या एकोणीस खुर्च्या. परवा फोनवर बोलण्याच्या नादात मी त्यातल्या एकीवर बसलो. तुमच्या सूनबाईने मला दोन्ही हातांनी ओढून बाहेर काढलं, आणि आधी खुर्चीची चौकट तपासली.

बातमी अशी, की तिला वाचनालयाचं काम मिळालं आहे. दोनशे चाळीस वेताच्या खुर्च्या, सगळ्या नव्याने विणायच्या. अकरा वर्षं ती लोकांच्या घरच्या एकेक-दोनदोन खुर्च्या विणत आली, त्यातही निम्म्या लोकांना खुर्ची परत न्यायची आठवण राहत नाही. हे पहिलं मोठं काम. हे झालं तर दोन बायका हाताखाली ठेवून पुढच्या खोलीत रीतसर कारखाना काढायचा तिचा बेत आहे. पण वाचनालयाच्या समितीने अट घातली: खुर्च्या आम्ही न्यायच्या, आम्हीच आणून द्यायच्या, आणि एक तारखेला पहिली खेप उचलायची. जमत नसेल तर एक कंपनी सगळ्यांवर प्लॅस्टिकची बैठक ठोकून द्यायला तयारच बसली आहे. एक तारखेला तेव्हा बावीस दिवस उरले होते आणि आमच्याकडे वाहन म्हणावं अशी एक सायकल होती. सूनबाई गाडी दोन वर्षांपूर्वीच शिकली आहे. (मैत्रिणीच्या गाडीत मी शेजारी बसतो आणि ब्रेक दाबतो. माझ्या बाजूला ब्रेक नसतो, पण पाय थांबत नाही.) तेव्हा ठरलं, जुनी व्हॅन घ्यायची.

आता मामा, माझी अडचण तुम्हाला ठाऊक आहे. गेली बावीस वर्षं मी ज्या कापडाच्या दुकानात उभा आहे तिथे ‘भाव एकच’ अशी पाटी आहे, आणि ती बरोबर माझ्या डोक्यावर आहे. दिवसाला पन्नास गिऱ्हाइकं मला भाव कमी करायला सांगतात आणि मी पन्नास वेळा हसून नाही म्हणतो. स्वतः घासाघीस मी जन्मात केलेली नाही. भाजीवालीने भाव सांगितला की मला तिचंच पटतं.

पहिला डीलर फार गोड माणूस. त्याच्या आवारात सगळ्या गाड्या नव्या नवरीसारख्या चमकत होत्या. एका पांढऱ्या व्हॅनवर हात फिरवत तो म्हणाला, रंग जाणार नाही. आणि मामा, काय सांगू, माझ्या तोंडून आपोआप निघालं, ‘गॅरंटी! कितीही धुवा.’ डीलरने माझ्याकडे फार प्रेमाने पाहिलं. सूनबाईने मात्र पदर खोचला आणि ती सरळ व्हॅनच्या खाली गेली. (खुर्ची कशी आहे ते उलटी केल्यावरच कळतं, असं तिचं म्हणणं आहे. व्हॅन उलटी करता येत नाही म्हणून ती स्वतः उलटी झाली.) पाच मिनिटांनी बाहेर आली तेव्हा तिच्या मुठीत गंजाचे पापुद्रे होते. डीलरच्या टेबलावर तिने ते नीट मांडले, त्याच्याच पेनाने सारखे केले, आणि आम्ही निघालो.

दुसऱ्याकडे कुठल्याच गाडीवर किंमत नव्हती. त्याने फक्त विचारलं, साहेब, बजेट किती? आता कुणी सरळ प्रश्न विचारला तर सरळ उत्तर द्यावं, हे मला तुम्हीच शिकवलंत. मी सांगितलं, दोन लाख. आणि त्याचा चेहरा जरा पडल्यासारखा वाटला म्हणून पुढे म्हणालो, अगदीच वेळ आली तर दोन-वीसपर्यंत जाऊ, कारण एक तारखेच्या आत हवीच आहे. योगायोग पाहा, त्याच्या आवारातली प्रत्येक व्हॅन दोन-वीसची निघाली. घरी येताना कोपऱ्यावर सूनबाई एवढंच म्हणाली, ‘आणखी एक डीलर आहे. तिथे तू पाणीसुद्धा माझ्या परवानगीने मागायचं.’

ही तिसरी डीलर म्हणजे जाड चष्म्याच्या एक बाई. आधी वीस वर्षं गॅरेजमध्ये मेकॅनिक होत्या, हात अजून तसेच काळे. यांच्या प्रत्येक गाडीच्या काचेवर कागद चिकटवलेला, आणि त्या कागदावर, मामा, गाडीतले दोष लिहिलेले! ‘मागचं दार लाथ मारल्याशिवाय उघडत नाही.’ ‘दोन टायर संपत आले.’ ‘हॉर्न उजवीकडे वळताना आपोआप वाजतो.’ खाली किंमत. मला विक्रेता म्हणून धक्काच बसला. आमच्या शेठनी असं काही पाहिलं असतं तर त्यांना खुर्ची द्यावी लागली असती (बुडाची). सूनबाई निळ्या व्हॅनखाली जाऊन आली आणि तिला जे जे सापडलं ते सगळं कागदावर आधीच होतं. बाहेर येताना तिचा चेहरा मी पाहिला. वेताची चांगली जुडी हाताला लागली की असा होतो.

किंमत होती दोन-दहा. सूनबाईने एक-ऐंशी म्हटलं. बाई म्हणाल्या परवडत नाही. सूनबाईने टायरचा विषय काढला. बाई टायरकडे पाहत विचारात पडल्या, भाव आता खाली येणार हे कुणालाही कळलं असतं. आणि नेमका तेव्हाच मी, हात मागे बांधून, म्हणालो, ‘ताई, एवढ्या मालाला एवढी किंमत बसतेच हो. बाहेर चौकशी करून या, आम्ही इथेच आहोत.’

दोघी माझ्याकडे वळल्या.

‘हे तुमच्याबरोबर आहेत ना?’ बाईंनी विचारलं.

‘आत्तापर्यंत होते,’ सूनबाई म्हणाली.

मला आवाराच्या फाटकाशी पाठवण्यात आलं. तिथून दिसलं ते असं. सूनबाईने ऑफिसातल्या दोन फाटक्या वेताच्या खुर्च्यांकडे बोट दाखवलं. त्या विणून देते, भाव कमी करा, असं म्हणत असणार. बाईंनी मान हलवली. (नंतर कळलं, त्या म्हणाल्या, खुर्च्यांचे पैसे मी खुर्च्यांचे म्हणून देईन, व्हॅनचा हिशोब व्हॅनमध्ये, मिसळलं की कोण कोणाला फसवतंय तेच कळत नाही.) मग त्यांनी वही काढून व्हॅन कितीला घेतली आणि तिच्यावर काय खर्च केला तेच दाखवलं. सूनबाईने टायरवाल्याला फोन करून दोन टायरची किंमत विचारली, चौदा हजार. ती वजा झाली. एक-शहाण्णव. दोघींनी हात मिळवले आणि सूनबाईचाही काळा झाला.

एक तारखेला पहिली खेप उचलली. हॉर्न वाजवत, कारण वाचनालय उजवीकडे आहे. ग्रंथपाल धावत बाहेर आले आणि ओठांवर बोट ठेवून शांत राहायची खूण करत उभे राहिले. पण मामा, सूनबाई ज्या ऐटीत मागच्या दाराला लाथ मारून उतरवाउतरव करते, ते पाहायला तुम्ही हवे होतात. दोन बायका सोमवारपासून कामाला येतात. मामींना नमस्कार सांगावा.

तुमचा,
भाचा

ता. क. तुमच्या तीन पत्रांचं उत्तर राहिलंच. तुमची गाडी ‘घरची घरात’ म्हणून आम्हालाच द्यायचं तुमच्या मनात आहे, आणि दोन-चाळीस हा भाव केवळ भाच्यासाठी आहे, हे मला पोचलं. तुम्ही पाठवलेला फोटो मी डीलरबाईंना दाखवला. त्यांनी तो चष्म्यातून पाहिला, चष्मा काढून पाहिला, आणि विचारलं की मागे उभ्या असलेल्या मामी फोटोसाठी उभ्या आहेत की गाडी ढकलत आहेत. मी म्हटलं, विचारून सांगतो.

ता. क. २. गाडी नको, पण तिच्या टपावरचं कॅरिअर द्याल का? व्हॅनमध्ये आठच खुर्च्या मावतात. कॅरिअर असेल तर चौदा, आणि काम लवकर उरकेल. योग्य तो भाव देऊ. म्हणाल तो देऊ. तुमचं कॅरिअर म्हणजे जुनं भक्कम लोखंड, त्याला कमी म्हणणं बरं नाही.

(सूनबाईच्या हातचं) मामा, नमस्कार. कॅरिअरचा भाव कृपया फक्त मला कळवा. आणि मामींना विचारून कळवा.