टाचेवरचा डाग

२ मार्च

चि. छकुलीस, अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे बरे. नव्या शाळेच्या अंगणातली फरशी निम्मी बसवून झाली. तुझ्या वहिनीने तुला परस्पर कळवलंच असेल, तरी लिहितो. माझ्या उजव्या टाचेवर काळा डाग आहे, तो वाढतोय. डॉक्टरीणबाई म्हणतात, तुकडा काढून तपासू. मी म्हटलं, खडी रुतली असेल. ऊन बाधतं ते मानेला, नाकाला; तळव्याला कुठलं ऊन? हातातलं काम संपलं की बघू.

लोभ आहेच, त्यात काळजी मिसळू नकोस.

तुझा दादा

८ मार्च

ती. दादास, सा. न.

'काम संपलं की बघू' म्हणणाऱ्यांचे तुकडे मी प्रयोगशाळेत रोज तपासते. तळव्यावरचा मेलॅनोमा, म्हणजे रंगपेशींचा कर्करोग, दुर्मीळ. आणि तो बहुधा उन्हाशिवायच होतो. तेव्हा ऊन नाही म्हणून सुटलो, असं समजू नकोस. शिवाय थोड्या रुग्णांच्या गाठीत उन्हाने केलेली जनुकांची मोडतोड सापडलीही आहे. तू कामाला बसतोस कसा? चपला काढून, गुडघे टेकून, ओणवा. तीस वर्षं तुझे तळवे आभाळाकडे आहेत, शहाण्या! तेच कारण, असं मी म्हणत नाही. पण तुकडा द्यायचाच. सोमवारी येतेय, नाही म्हणालास तर थापीसकट उचलून नेईन.

रागाव हवं तेवढं, माया मात्र आटू देऊ नकोस.

तुझी धाकटी

२९ मार्च

चि. छकुलीस, आशीर्वाद.

अहवाल आला. मेलॅनोमाच आहे. वहिनी दोन दिवस नुसती भांडी आपटत होती, आज बोलली. डाग फार खोल गेलेला नाही म्हणतात. मंगळवारी टाचेचा बराच भाग काढून मांडीची कातडी लावणार. पुन्हा फरशी बसवता येईल का, विचारलं. बाई म्हणाल्या, आधी उभे तर राहा. गाठीत उन्हाच्या खुणा आहेत का, हे शोधायला त्यांनी ती अभ्यासासाठी मागितली. लगेच सही दिली.

काल जेवणाच्या सुट्टीत आमच्या नऊही जणांना बसवून तळवे पाहिले. वास मारतो म्हणून एकमेकांना हसले, पण पाय पुढे केले. मुकादमाच्या अंगठ्याखाली डाग निघाला. दवाखान्याचं नाव काढलं की त्याला भलतीच कामं आठवतात. म्हणून मंगळवारी मला सोडायला ये, एवढंच त्याला सांगितलंय. तू दारातच उभी राहा. मला आत नेतील. त्याला तू धर.

लोभ असू दे, आणि मनगटात जोर.

तुझा दादा